बहात्तर ठोक्यांचं कडं

दोनशे माणसं डावा हात खांद्याच्या वर धरून बसली होती, आणि कुणाचाही हात दुखत नव्हता. एरवी यातल्या निम्म्यांना फळीवरचा डबा काढायचा तर शेजाऱ्याला हाक मारावी लागे. पण त्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटावर एक काळं, बोटभर रुंद, पातळ कडं होतं. कड्यावर आकडा चमकत होता आणि काठातून हिरवा उजेड झिरपत होता. हिरव्या उजेडापुढे सांधेदुखीची काय टाप!

सभागृह कसलं, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला तो. दुकान गेलं, खुर्च्या उरल्या, म्हणून तिथे सभा भरत. भिंतीवरच्या पाट्या काढल्या तरी त्यांच्या जागी अक्षरांचे पुसट ठसे राहिले होते, आणि व्यासपीठ नेमकं 'गाद्या' या ठशाखाली मांडलं होतं. तिथे पांढरा सदरा घालून, हातात माईक धरून लयगुरू उभा होता. हा गृहस्थ आधी काय करत होता ते कुणाला ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. घरकामाला माणूस ठेवायचं तर आपण चार घरी चौकशी करतो. गुरू करताना तेवढीही तसदी घेत नाही.

"मंडळी, हृदय म्हणजे काय?" लयगुरू विचारत होता. "हृदय म्हणजे रुसलेलं लेकरू. आणि डॉक्टर त्याला काय देतात? गोळी. अहो, रुसलेल्या लेकराला कुणी गोळी घालतं का?"

लोक हसले. दर रविवारी याच जागी हसत.

"मी त्याला नुसती हाक मारतो. चला, सगळ्यांनी एकाच क्षणी संकल्पाची कळ दाबा. एक, दोन, तीन."

दोनशे अंगठे दोनशे कड्यांवर टेकले. सगळीकडे आकडा उमटला, शहाण्णव. लेकरू किती घाबरलंय बघा, असं म्हणत गुरूने आवाज खाली आणला. श्वास आत, श्वास बाहेर, आणि आकडे हळूहळू उतरू लागले. चौऱ्याण्णव, नव्वद, सत्त्याऐंशी. चौथं मिनिट लागलं तसा त्याने हात उंच केला. आता जुनं दुःख बाहेर पडेल, म्हणाला, पडू द्या त्याला, अडवू नका. आणि खरोखरच चौऱ्याऐंशीवर आलेला आकडा प्रत्येकाच्या मनगटावर टुणकन उडून एक्क्याण्णव झाला. एका बाईंना हुंदका आवरेना. मागच्या रांगेतला निवृत्त मोटारचालक ढसाढसा रडू लागला. मग आकडे पुन्हा उतरले, आणि दहाव्या मिनिटाला दोनशे मनगटं बहात्तरवर येऊन थांबली.

"बहात्तर," गुरू म्हणाला. "निरोगी माणसाची लय. हातच्या काकणाला आरसा कशाला, मंडळी?"

तिसऱ्या रांगेत ताईच्या शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती. तिच्या हातात कडं नव्हतं. ताईने महिनाभर भुणभुण लावली म्हणून ती आली होती, आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवण्यासाठी आली होती. सुरुवातीची चार मिनिटं तिने हसू दाबण्यात घालवली. एक्क्याण्णवचा आकडा उडाला आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं. तो आकडा तिच्या ओळखीचा होता.

धाकटीचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मनगटावर बांधायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती होती. सात मिलिमीटर जाडीच्या पट्टीत बॅटरी कुठे, पडदा कुठे आणि मुख्य म्हणजे नाडी टिपणारा सेन्सर कुठे बसवायचा, हे ती ठरवायची. तो सेन्सर म्हणजे एक हिरवा दिवा आणि एक बारीक डोळा. दिवा कातडीत उजेड सोडतो, रक्ताची लाट आली की उजेड जरा जास्त शोषला जातो, आणि परत येणारा उजेड मोजून डोळा ठोके ओळखतो. दिवा आणि डोळा कातडीला चिकटून हवेत. दोघांमध्ये छोटीशी भिंत हवी, आणि उजेड कडेने बाहेर फुटता कामा नये. केसाएवढी फट राहिली तरी आकडा खोटा येतो. त्या फटीपायी तिने दोन वर्षं घालवली होती. कचेरीत तिला मिलिमीटरबाई म्हणत, तोंडावरसुद्धा.

आणि इथे? इथे उजेड चहूकडून गळत होता, आणि गुरू त्याला प्राणप्रभा म्हणत होता. कड्याच्या आतल्या बाजूला मऊ चामड्याचं अस्तर डकवलेलं होतं. चामड्याच्या आडून कोणता डोळा रक्त पाहणार? उशीखालून पुस्तक वाचण्यातला प्रकार. एवढ्यावरच धाकटीला कळायला हवं होतं की हे कडं काहीच मोजत नाही. पण एक्क्याण्णवने तिला त्याहून जास्त सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने दुकानांच्या काचेमागे मांडायला आठशे नमुने केले होते. सेन्सर कुठे बसवायचा हे तेव्हा पक्कं झालं नव्हतं, म्हणून नमुन्यात फक्त दिवा बसवला. डोळ्याच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका दिला. साहेबांना वाटलं, काचेमागे पडदा रिकामा बरा दिसत नाही, काहीतरी आकडा हवा. तेव्हा धाकटीनेच हुशारी केली. म्हणाली, एकच आकडा खोटा वाटेल, खऱ्या माणसाची नाडी भरू या. लिफ्ट बंद होती, ती पाच जिने चढून आली, दोन बोटं मनगटावर ठेवली, प्रयोगशाळेतलं खरं यंत्र बांधलं, आणि स्वतःची दहा मिनिटं नोंदवून घेतली. शहाण्णवपासून बहात्तरपर्यंत. चौथ्या मिनिटाला टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे ताई होती. काही नाही गं, म्हणाली, डॉक्टर म्हणतात माझे ठोके चुकतात. त्या वाक्याला धाकटीची नाडी चौऱ्याऐंशीवरून एक्क्याण्णववर उडाली. नोंद पुन्हा घ्यावी असं तिच्या मनात आलं होतं, पण साहेब म्हणाले, राहू दे, जिवंत वाटतं.

पुढे नमुना बदलला आणि ते आठशे नग भंगारात गेले. आता त्यातले दोनशे इथे होते. कळ दाबली की दहा मिनिटं तिचीच ती दुपार पुन्हा चालायची, आणि मग बहात्तर, बॅटरी संपेपर्यंत बहात्तर. गुरूला फक्त एक गोष्ट शोधावी लागली होती, चौथ्या मिनिटाला आकडा उडतो ही. त्याने तिथे जुनं दुःख बसवलं. दोनशे माणसं तिच्या एका फोनवर रडत होती.

घरी परतताना ताई पिसासारखी हलकी चालत होती. वाटेत सहज बोलावं तसं म्हणाली, "तीन आठवडे झाले, गोळ्या सोडल्यात."

"कोणत्या?"

"दोन्ही. ठोक्यांची पण आणि रक्त पातळ करायची पण. बहात्तरवर पोचलेल्याला कुबड्या कशाला, असं म्हणतात ते. मला काही सोडा म्हणाले नाहीत गं. माझं मीच ठरवलं."

बघा, कसं तोलून मापून बोलतात हे लोक. सोडा असं कधी म्हणायचं नाही, आणि धरायला हात शिल्लक ठेवायचा नाही.

धाकटी ताईच्या घरी जाऊन खूप बोलली. हे कडं खोटं आहे, चामड्यातून नाडी दिसत नाही, तुझ्या हृदयात गुठळी होते आणि ती डोक्यात गेली तर काय होईल याचा विचार कर, असं सगळं बोलली. भावोजी खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती, अजूनही खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. शेवटी धाकटीने त्यांनाच साकडं घातलं. भावोजी, तुम्ही तरी हे उघडून बघा, आत काय आहे ते तुम्हाला एका मिनिटात कळेल.

भावोजींनी मान हलवली. "चालू घड्याळ उघडू नये. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. बंद पडलं की आणा, मग उघडतो. हे तर एक दिवस चुकलेलं नाही."

आणि ताईने नेमका प्रश्न विचारला. "तुला एवढं खात्रीनं कसं माहीत?"

तेव्हा धाकटीने सांगायला हवं होतं. तो आकडा माझा आहे ताई, मी भरलाय, तुझ्याच फोनने उडालाय. एवढी तीन वाक्यं. पण आतलं बाहेर सांगणार नाही म्हणून कंपनीत शिरताना सही केलेला कागद तिला आठवला, साहेब आठवले, आणि सगळ्यात जास्त आठवली ती लाज. ती म्हणाली, "माझं कामच आहे ना ते."

"हो का," ताई म्हणाली. "तुझ्या कंपनीची यंत्रं रोज वेगळा आकडा दाखवतात, यांचं एकच दाखवतं. म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

धाकटी उठली. दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. ते दात कोरत म्हणाले, आपलेच दात आणि आपलेच ओठ, कशाला बोभाटा? आपण भंगार विकलं, भंगाराचं पुढे कोण काय करतो ते बघत बसायचं का? वकिलांना विचारू, बुधवारपर्यंत थांब. धाकटी थांबली. थांबणं तिला सोयीचं होतं, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. आता त्याचा उपयोग नाही.

बुधवारच्या आधी मंगळवार आला. ताई सकाळी कपडे वाळत घालत होती. हातातला चिमटा पडला, तो उचलायला वाकली, आणि उजवी बाजू भिंत खचावी तशी खचली. भावोजी धावले. तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. डाव्या मनगटावर हिरवा उजेड गळत होता आणि आकडा स्पष्ट दिसत होता. बहात्तर.

इस्पितळात खाटेशेजारच्या यंत्रावर एकशे अडतीस दिसत होते. मग एकशे बारा, मग एकशे एक्केचाळीस, कशाचा कशाला मेळ नाही. भावोजी एकदा त्या यंत्राकडे बघत, एकदा ताईच्या मनगटाकडे. एकाच बाईची दोन हृदयं. परिचारिकेने विचारलं, हे काय बांधलंय? आणि उत्तराची वाट न पाहता कडं काढून ट्रेमध्ये टाकलं. ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्यांवर पडल्या पडल्या, त्याने बहात्तर दाखवलं.

धाकटी पोचली तेव्हा डॉक्टर भावोजींना समजावत होते. हृदयात झालेली गुठळी डोक्यात गेली. रक्त पातळ करायची गोळी चालू असती तर हे बहुतेक टळलं असतं. बहुतेक हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला, डॉक्टर घालतात तसा. मग बाहेरच्या बाकावर धाकटीने भावोजींना ती तीन वाक्यं सांगितली, जी रविवारीच सांगायला हवी होती.

"तू बोलली नाहीस, मी उघडलं नाही," ते म्हणाले. "दोघांनी मिळून केलं."

त्यांनी तिला दोष दिला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी सभा नेहमीसारखी भरली. लयगुरूला ताईची बातमी लागली होती, आणि त्याने तिचीही तरतूद केली होती. आपल्या एका भगिनीच्या घरात शंका शिरली, तो म्हणाला, शंकेने लय तुटते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. लोकांनी चुकचुक केली. तेवढ्यात धाकटी उठून पुढे गेली आणि दोन शब्द बोलू का, असं विचारलं. पश्चात्ताप झालेलं गिऱ्हाईक समजून त्याने तिच्या हातात माईक दिला. तेवढी एकच चूक त्या माणसाने केली.

धाकटीने आधी पहिल्या रांगेतल्या शिंपीणबाईंच्या हातात एक कागद दिला. दोन वर्षांपूर्वी छापलेला, खाली तारीख असलेला. मग ताईचं कडं एका रिकाम्या खुर्चीच्या पायाला बांधलं आणि म्हणाली, "आता सगळ्यांनी एकदम कळ दाबा. श्वास हवा तसा घ्या, हवं तर घेऊच नका. बाई, तुम्ही कागदावरचे आकडे मोठ्याने वाचा."

कळा दाबल्या गेल्या. शिंपीणबाईंनी चष्मा सारखा करून वाचायला घेतलं. शहाण्णव. मनगटांवर शहाण्णव. पंच्याण्णव. मनगटांवर पंच्याण्णव, खुर्चीच्या पायावर पंच्याण्णव. बाई वाचत गेल्या आणि दोनशे कडी त्यांच्या मागे पाठ म्हणणाऱ्या पोरांसारखी येत गेली. चौऱ्याऐंशीनंतर त्या अडखळल्या. कागदावर एक्क्याण्णव होतं. त्यांनी ते वाचलं, आकडे उडाले, आणि या वेळी कुणाला रडू आलं नाही.

"ते जुनं दुःख नव्हे," धाकटी म्हणाली. "तो माझ्या ताईचा फोन होता. ही नाडी माझी आहे. दोन वर्षांपूर्वी मी पाच जिने चढून आले होते, तेव्हाची. दुकानाच्या काचेत मांडायला भरली होती. तुम्ही सगळे महिनाभर माझी एक दुपार हातावर बांधून बसलाय."

गुरूने माईक परत घेतला, आणि मानलं पाहिजे त्याला, चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती. "पाहिलंत?" तो म्हणाला. "लाकडातही लय आहे. ही बाई आपल्या तोंडाने सांगते की एकाचं स्पंदन दोनशे जणांत जातं. मी वेगळं काय सांगत होतो?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. होय, वाजवल्या. सगळ्यांनी नव्हे, पण पुरेशा लोकांनी. धाकटीला वाटलं, दगडावर डोकं आपटून घेतलं. पी हळद आणि हो गोरी, एवढंच ज्यांना ऐकायचंय त्यांच्यापुढे कागद वाचून काय होणार?

मग भावोजी उठले. सावकाश चालत ते खुर्चीपाशी आले आणि पायाचं कडं सोडलं. एका डोळ्याला भिंग लावलं, खिशातून पातळ पातं काढलं, आणि पुढच्या रांगेसमोर गुडघे टेकून बसले. गुरू ओरडला की कडं उघडणाऱ्याची लय कायमची तुटते.

"माझी मंगळवारी तुटली," भावोजी म्हणाले.

त्यांनी चामडं सोललं. खाली बारीक अक्षरं होती, ती त्यांनी शिंपीणबाईंना वाचायला लावली. फक्त दुकानात मांडण्यासाठी, मोजमापासाठी नव्हे. मग पाठ उघडली. ही बॅटरी, ते म्हणाले, हा पडदा, हा हिरवा दिवा. आणि नाडी बघणारा डोळा असतो तिथे हा रंगाचा ठिपका. त्यांनी पात्याने तो खरवडला. खाली कोरं प्लास्टिक होतं.

"चाळीस वर्षांत मी हजारो घड्याळं उघडली," ते म्हणाले, "आणि बायकोच्या हातावरचं तेवढं उघडलं नाही. का, तर ते चालू होतं. अहो, बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा खरी वेळ दाखवतं. याने एकदाही दाखवली नाही."

उघडं कडं हातोहात फिरलं. कुणी आपल्या कड्याचं चामडं नखाने सोलू लागलं. मोटारचालकाने आपलं काढून भावोजींच्या पुढ्यात ठेवलं, मग आणखी काहींनी ठेवलं. हे सगळं चालू असताना लयगुरू मागच्या जिन्याने उतरला.

दोनशे कड्यांपैकी त्या दिवशी त्रेसष्ट परत आली. ज्या बाईंना हुंदका आवरला नव्हता, त्या धाकटीला दारात गाठून म्हणाल्या, "तुझं खरं असेल गं बाई. पण मला याने झोप लागते, ते काढायला सांगू नकोस." आणि हात पदराआड घेऊन निघून गेल्या. तीन आठवड्यांनी कळलं की लयगुरू दुसऱ्या गावात सभा भरवतो. तिथे कड्याऐवजी अंगठी आहे. भंगाराच्या बाजारात माल कमी नाही, आणि गिऱ्हाईक तर मुळीच कमी नाही. धाकटीला कंपनीने तिच्याच सहीचा कागद दाखवला आणि घरी पाठवलं. साहेबांनी निरोपाच्या वेळी तिच्या कामाची तारीफ केली.

कडू वाटतं ना? वाटू द्या, कडूच आहे ते. ताईचा उजवा हात परत आला नाही. बोलणं आलं, तेही शब्द शोधत, अर्धं जिभेवर राहिलेलं. दोन्ही गोळ्या आता डबीत दिवसांप्रमाणे लावून ठेवलेल्या असतात आणि भावोजी त्या समोर बसून देतात.

एका दुपारी धाकटी ताईकडे गेली. तिने भावोजींच्या टेबलावरचं एक जुनं घड्याळ उचललं, मोठ्या सेकंदकाट्याचं, आणि ते ताईच्या मांडीवर ठेवलं. मग ताईच्या डाव्या हाताची दोन बोटं धरली आणि तिच्याच लुळ्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूच्या खोबणीत टेकवली. दाबू नकोस, म्हणाली, नुसती ठेव. सापडली? ताईने मान हलवली. काटा बारावर आल्यापासून पुन्हा बारावर येईपर्यंत मोजायचं. तुझे ठोके एकसारखे नाहीत, म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं.

वाचणाऱ्यांना सांगणं आहे ते एवढंच. मनगट तुमचं आहे, बोटं तुमची आहेत, आणि सेकंदकाटा कुणाच्याही घरात सापडतो. कुणी आकडा दाखवला तर तो कुठून आला ते विचारा. मोजणारं यंत्र असेल तर ते खुर्चीच्या पायाला बांधून बघा. खुर्चीचीही नाडी लागली तर ते काढून ठेवा. उघडायला मनाई असेल ते आधी उघडा. आणि गोळी सोडायची तर ज्याने दिली त्याला विचारून सोडा, माईक धरणाऱ्याला विचारून नव्हे. हे कळायला मिलिमीटरबाई व्हावं लागत नाही. आणि ज्याला माहीत आहे त्याने बुधवारपर्यंत थांबू नये.

काटा फिरत होता. ताईचे ओठ हलत होते, मध्येच अडत होते, पुन्हा सुरू होत होते. काटा बारावर आला तशी ती थांबली.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली. मग शब्द शोधत राहिली. "मध्ये... चुकले."

"चुकतातच ताई तुझे."

ताईने बोटं मनगटावरून उचलली नाहीत.

"चुकू देत," ती म्हणाली. "माझे आहेत."